कांचबिंदूचें ऑपरेशन आणि डोळ्याचा पडदा



मराठींत डोळ्याच्या विकारांना मोठीं सुंदर नांवें आहेत, आणि घोटाळ्याचें मूळही त्या नांवांतच आहे. एका विकाराला आपण मोतीबिंदु म्हणतों, दुसऱ्याला कांचबिंदु. दोन्ही बहुधा उतारवयांत होतात, दोहोंवर शस्त्रक्रिया करतात, आणि दवाखान्याच्या एकाच खोलींत शेजारशेजारच्या खाटांवर दोन्ही प्रकारचे रोगी पडलेले असतात. दुसऱ्या दिवशीं सकाळीं पट्ट्या सुटतात. मोतीबिंदूचा रोगी भिंतीवरचें घड्याळ वाचून दाखवितो, नातवाला नांवानें हांक मारतो, आणि खोलींत सणासारखा आनंद होतो. शेजारच्या खाटेवरील कांचबिंदूचा रोगी मात्र खिडकीकडे पाहून गप्प बसतो. त्याला कालच्यापेक्षां आज अधिकच अंधुक दिसत असतें. मग त्याचा मुलगा डॉक्टरांना बाजूला घेऊन हळूच विचारतो, "ऑपरेशन बिघडलें का हो?"

या प्रश्नाचें उत्तर नीट द्यावयाचें तर डोळ्याच्या पुढच्या भागावर केलेल्या शस्त्रक्रियेचा डोळ्याच्या अगदीं मागच्या पडद्यावर काय परिणाम होतो, हें सांगावें लागतें. आजच्या भाषणाचा विषय तोच आहे. तो सांगतांना माझ्या नजरेसमोर एक विशिष्ट ठिकाण आहे, तें म्हणजे धुळें जिल्ह्यांतील साक्री. डोळ्याचा आणि साक्रीचा संबंध काय, असें आपण म्हणाल. संबंध असा कीं, कांचबिंदूच्या शस्त्रक्रियेचें यश जितकें शस्त्रक्रिया करणाऱ्याच्या हातावर अवलंबून असतें, जवळजवळ तितकेंच तें रोग्याचें घर आणि दवाखाना यांमधील अंतरावर अवलंबून असतें. कान नदीच्या कांठचें हें तालुक्याचें गांव सुरतेकडे जाणाऱ्या महामार्गावर वसलें आहे. तेथून धुळें पन्नास-पंचावन्न किलोमीटर. परंतु तालुक्याचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या कुशींत शिरतो. पिंपळनेरच्या पलीकडील डोंगरांतल्या माणसाला साक्री गांठणें हाच अर्ध्या दिवसाचा उद्योग होतो, आणि पडदा तपासून त्यावर शस्त्रक्रिया करणारा तज्ज्ञ तर साक्रीच्याही पुढें, मोठ्या शहरांत असतो. हें भाषण ऐकणाऱ्यांपैकीं पुष्कळजण धुळें, नाशिक, पुणें, मुंबई येथें राहात असतील, आणि त्यांचे आईवडील अशाच एखाद्या गांवीं असतील. शस्त्रक्रिया शहरांत होते, आठवड्यानें म्हातारा माणूस "आतां घरीं सोडा" म्हणतो, आणि जो काळ सर्वांत जपण्याचा तोच तो दवाखान्यापासून सर्वांत दूर काढतो.

प्रथम डोळ्याची रचना थोडक्यांत सांगतों. डोळ्याच्या पुढच्या भागांत एक स्वच्छ पाणी सतत तयार होत असतें आणि सतत वाहून जात असतें. हे अश्रु नव्हेत. अश्रु बाहेर असतात, हें पाणी आंत. त्याचें प्रमाण अत्यल्प, मिनिटाला मिलिलिटरचा सुमारें चारशेंवा भाग. बुबुळाच्या कडेशीं असलेल्या एका बारीक जाळींतून तें रक्तांत परत जातें. पाणी किती तयार होतें आणि किती निघून जातें, यांच्या तोलावर डोळ्यांतील दाब ठरतो. निरोगी डोळ्यांत तो पाऱ्याच्या मापानें सामान्यतः १० ते २१ मिलिमीटर असतो.

साक्रीकडच्या मंडळींना हें समजावून सांगणें सोपें आहे, कारण पांझरा नदीवरील फडपद्धति त्यांनीं पाहिलेली असते. नदीवर बंधारा, बंधाऱ्यापासून निघालेला पाट, आणि कोणत्या फडाला किती पाणी सोडावयाचें तें पाहणारा पाटकरी, अशी ती शतकांची व्यवस्था. पाट गाळानें तुंबला तर पाणी मागें चढतें आणि बांधावर दाब येतो. कांचबिंदूंत बहुधा हेंच होतें: जाळी पाणी नीट जाऊं देत नाहीं, दाब वाढतो, आणि त्या दाबाखालीं डोळ्याच्या मागची मज्जा हळूहळू मरते. ही मज्जा म्हणजे दहा-बारा लाख तंतूंची एक दोरी होय. मेलेला तंतु पुन्हां जिवंत होत नाहीं. दृष्टि कडेकडेनें आंत आंत खात येते, आणि मधली दृष्टि शेवटपर्यंत शाबूत राहिल्यामुळें माणसाला पत्ताच लागत नाहीं.

म्हणून मोतीबिंदूच्या आणि कांचबिंदूच्या शस्त्रक्रियांत हेतूचाच फरक आहे. पहिली गेलेली दृष्टि परत आणण्यासाठीं करतात, दुसरी उरलेली राखण्यासाठीं. ही गोष्ट शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशीं घरांतील सर्वांना, विशेषतः रोग्याला, स्पष्ट शब्दांत सांगितली गेली पाहिजे. ती बहुतेक वेळां सांगितली जात नाहीं, किंवा इतक्या घाईंत सांगितली जाते कीं न सांगितल्यासारखीच. माझ्या मतें पुढील निम्म्या अनर्थाचें कारण हेंच आहे. कारण ज्याला "ऑपरेशन फुकट गेलें" असें एकदां वाटलें, तो पुन्हां तपासणीला येत नाहीं. आणि तपासणीला न आल्यामुळें तें खरोखरच फुकट जाण्याची वेळ येते.

या शस्त्रक्रियेचा इतिहास लांबलचक आहे. त्यांतले तीन टप्पेच सांगतों. १८५७ मध्यें बर्लिनच्या फॉन ग्रेफ यानें कांचबिंदूवर बुबुळाच्या मागच्या रंगीत पडद्याचा तुकडा काढण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. त्याच्या आधीं सहा वर्षें, १८५१ मध्यें, हेल्महोल्ट्झनें जिवंत माणसाच्या डोळ्याच्या आंत पाहण्याचें यंत्र जगापुढें मांडलें होतें; तें नसतें तर आजचें भाषण करण्यासारखें कांहीं हातीं आलेंच नसतें. दुसरा टप्पा आपल्या देशांतला आहे. मद्रासच्या सरकारी नेत्ररुग्णालयांत रॉबर्ट हेन्री एलियट यानें १९०९ मध्यें डोळ्याच्या पांढऱ्या भिंतीला गोल छिद्र पाडून पाण्याला नवी वाट करून दिली, आणि ती पद्धति कित्येक वर्षें जगभर चालली. तिच्यांत दोष एवढाच कीं, छिद्राला झांकण नव्हतें. पाणी कधीं फार वाहून जाई. तिसरा टप्पा १९६८ चा. इंग्लंडांतील केंब्रिज येथील केर्न्स यानें छिद्रावर त्याच भिंतीची एक पातळ झडप ठेवून ती टांक्यांनीं बसविण्याची पद्धत मांडली. हीच ट्रॅबेक्युलेक्टमी. आजही कांचबिंदूच्या शस्त्रक्रियांत तिचें स्थान मुख्य आहे. पाणी झडपेखालून झिरपून वरच्या पापणीखालीं एका लहानशा फुगवट्यांत जमतें आणि तेथून शोषलें जातें.

आतां येथें एक विलक्षण पेंच आहे. इतरत्र जखम भरून यावी म्हणून आपण धडपडतों. येथें जखम पूर्ण भरली तर शस्त्रक्रियाच बुजते. म्हणून मायटोमायसिन नांवाचें औषध कांहीं क्षण जागेवर ठेवून व्रण जमण्याची क्रिया मंद करतात. त्याचा फायदा निर्विवाद आहे. पण कधीं कधीं त्यामुळें वाट जरुरीपेक्षां मोकळी राहाते आणि दाब हवा त्याच्याही खालीं उतरतो. पाट तुंबला तरी शेताचें नुकसान, आणि बंधाऱ्याचें पाणी सगळेंच्या सगळें वाहून गेलें तरीही नुकसान. ह्या दुसऱ्या नुकसानीची झळ पडद्याला लागते.

पडदा हा शब्दही जरा सांभाळून वापरावा लागतो. खेड्यांतल्या माणसाला "पडद्याला सूज आहे" म्हटलें कीं, त्याच्या डोळ्यांपुढें बुबुळावर वाढलेला वडस किंवा पडलेलें फूल येतें, म्हणजे आरशांत दिसणारी वस्तु. डॉक्टरच्या बोलण्यांतला पडदा आरशांत कधींच दिसत नाहीं. तो डोळ्याच्या आंत, मागच्या भिंतीवर आंतून पसरलेला एक नाजूक पापुद्रा आहे. बाहेरच्या जगाचें चित्र त्याच्यावर उमटतें. त्याच्या मध्यभागीं पिंवळसर ठिपका असतो, त्याला पीतबिंदु म्हणतात. हा तिसरा बिंदु रोग नव्हे. उलट वाचणें, सुईंत दोरा ओंवणें, माणसाचा चेहरा ओळखणें हीं सर्व कामें त्याच्याच बळावर चालतात. पडद्याच्या मागें रक्तवाहिन्यांनीं भरलेला एक थर असतो, आणि त्याच्या मागें डोळ्याची पांढरी भिंत.

पहिला धोका दाब एकाएकीं उतरण्याचा. पुष्कळ दिवस ४० किंवा ५० मिलिमीटर दाबाखालीं राहिलेला डोळा शस्त्रक्रियेच्या वेळीं उघडला कीं, दाब क्षणांत कोसळतो. इतके दिवस दाबून धरलेल्या बारीक रक्तवाहिन्यांत रक्त जोरानें शिरतें आणि पडद्यावर जागोजाग रक्ताचे ठिपके उमटतात. १९९२ मध्यें या प्रकाराचें स्वतंत्र वर्णन झालें. दिसावयास हें भयंकर दिसलें तरी बहुतेक डोळ्यांत तें रक्त कांहीं आठवड्यांत, क्वचित् कांहीं महिन्यांत, आपोआप विरतें. उपायापेक्षां येथें आधींची सावधगिरी महत्त्वाची: शस्त्रक्रियेपूर्वीं औषधांनीं दाब शक्य तितका खालीं आणावयाचा, आणि टेबलावर डोळा हळूहळू, थोडें थोडें पाणी सोडून, मोकळा करावयाचा. म्हणून डॉक्टरांनीं "आज नको, दोन दिवस औषध घेऊन मग करूं" असें सांगितलें तर तो वेळकाढूपणा समजूं नये.

दुसरा प्रकार अधिक फसवा आहे, म्हणून त्यावर थोडा अधिक वेळ घेतों. शस्त्रक्रियेनंतर दाब पांच-सहा मिलिमीटरच्या खालीं गेला आणि तेथेंच राहिला, तर डोळ्याचा चेंडू किंचित् सैल पडतो. सैल खाटेवरच्या चादरीला जशा सुरकुत्या पडतात, तशा पडद्याला आणि त्याच्यामागच्या थराला बारीक घड्या पडतात, आणि त्या नेमक्या पीतबिंदूच्या आसपास पडतात. डोळा दुखत नाहीं, लाल होत नाहीं, त्यांतून पाणीही येत नाहीं. उलट दाब उत्तम उतरला म्हणून सगळे खुष असतात. रोग्याची तक्रार एवढीच असते कीं, अक्षरें वांकडीं दिसतात, दाराची चौकट मध्येंच मुडपल्यासारखी वाटते. तरुण माणसांत, आणि ज्यांना जवळचें दिसतें पण दूरचें दिसत नाहीं अशा मोठ्या नंबरच्या चष्मेवाल्यांत, हा प्रकार अधिक आढळतो, कारण त्यांच्या डोळ्याची भिंत लवचीक असते. लवकर लक्षांत आलें तर यावर चांगला उपाय आहे. झडपेचे टांके पुन्हां घट्ट करतां येतात, गळती असेल तर बुजवितां येते. दाब वर आला कीं घड्या सुटतात आणि दृष्टि पुष्कळशी परत येते. महिनेन् महिने तसेंच राहूं दिलें तर मात्र घडी पक्की होते, आणि मग दाब वाढवूनही ती जात नाहीं. साक्रीच्या एखाद्या म्हाताऱ्याला "अक्षरें वांकडीं दिसतात" ही तक्रारच नसते, कारण तो वाचीतच नाहीं. म्हणून त्याला अक्षरांविषयीं विचारूं नये. दाराची चौकट, खिडकीचे गज, विजेच्या तारा सरळ दिसतात का, हें विचारावें, आणि तेंही दुसरा डोळा तळहातानें झांकून. दोन्ही डोळे उघडे असले कीं चांगला डोळा वाईटाची लबाडी लपवितो.

तिसरा प्रकार म्हणजे दाब उतरल्यामुळें पडद्यामागील रक्तवाहिन्यांच्या थराखालीं पाणी सांठणें. हा मुळींच दुर्मिळ नाहीं. अमेरिकेंत नव्यानें निदान झालेल्या रोग्यांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासांत ४६५ ट्रॅबेक्युलेक्टमींचा हिशेब २००५ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यांत शस्त्रक्रियेनंतर पहिल्या महिन्यांत सुमारें शेकडा ११ डोळ्यांत असें पाणी आढळलें. बहुतेक डोळ्यांत तें औषधांनीं आणि दाब पूर्वस्थितीला आल्यावर ओसरतें. रोग्याला बाजूनें काळी सावली सरकल्यासारखी वाटते. सावली हा शब्द त्यानें उच्चारला कीं पडदा तपासलाच पाहिजे, कारण पडदा सुटला तरी तो हाच शब्द वापरतो.

परंतु हें सांठलेलें पाणी कधीं कधीं एका भयंकर गोष्टीची नांदी असते. पाण्यानें थर भिंतीपासून दूर ढकलला कीं, भिंतींतून त्या थरांत शिरणाऱ्या बारीक धमन्या ताणल्या जातात. त्यांतली एखादी तुटली तर तेथें रक्त सांचतें, आणि तें इतक्या जोरानें कीं पडदा पुढें रेटला जातो. बहुधा शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या कांहीं दिवसांत हें घडतें. खोकल्याची उबळ, शौचाला जोर करणें, जड ओझें उचलणें हीं निमित्तें होतात. वय फार, रक्तदाब जास्त, शस्त्रक्रियेपूर्वीं डोळ्याचा दाब फार चढलेला, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू, अशांना धोका अधिक. लक्षण चुकण्यासारखें नसतें: डोळ्यांत एकदम असह्य ठणका, मळमळ किंवा उलटी, आणि दृष्टि विझल्यासारखी होणें. तरीही तें चुकतें. उलटी झाली कीं घरांतलें वडील माणूस म्हणतें, "पित्त झालें." लिंबूसरबत देतात, डोक्याला बाम चोळतात, सकाळ होण्याची वाट पाहतात. डोळ्याचें ऑपरेशन झालेल्या माणसाला त्याच बाजूच्या डोकेदुखीबरोबर उलटी झाली तर तें पित्त आहे असें ठरविण्याचा अधिकार घरांतल्या कोणालाही नाहीं. आंत किती रक्त आहे हें सोनोग्राफीनें कळतें. दाब ताब्यांत आणून, रक्त पातळ होईपर्यंत बहुधा एक-दोन आठवडे थांबून, तें बाहेर काढतां येतें. असे सर्वच डोळे वांचत नाहींत. परंतु वेळेवर आलेल्यांतले कांहीं वांचतात.

आणखी दोन प्रकार थोडक्यांत उरकतों. पीतबिंदूला सूज येऊन पाण्याचे बारीक कप्पे धरणें हा एक. तो बहुधा थेंबांच्या औषधांनीं आटोक्यांत येतो. पडदा फाटून सुटणें हा दुसरा. डोळ्यांपुढें विजा चमकणें, काळे कण तरंगणें आणि मग एका बाजूनें पडदा ओढल्यासारखें होणें हीं त्याचीं लक्षणें. पीतबिंदु सुटण्याच्या आंत शस्त्रक्रिया झाली तर दृष्टि राखण्याची आशा पुष्कळ असते, म्हणून तेथें दिवसांचा हिशेब करावा, आठवड्यांचा नव्हे.

हें सर्व जगांतील कोणत्याही डोळ्याला लागू आहे. साक्रीच्या बाबतींत एक गोष्ट वेगळी सांगावी लागते. तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यांत भिल्ल आणि कोकणा समाजाची वस्ती आहे, आणि धुळें-नंदुरबारच्या आदिवासी समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक दोष आढळतो. त्यांत तांबड्या पेशी प्राणवायु कमी पडला कीं विळ्याच्या आकाराच्या आणि ताठर होतात. भारतांत हा दोष प्रथम १९५२ मध्यें नीलगिरींतील आदिवासींत आणि आसामच्या चहामळ्यांतील मजुरांत दाखविला गेला. आतां १ जुलै २०२३ पासून त्याच्या निर्मूलनासाठीं राष्ट्रीय मोहीम चालू झाली असून तपासणी झालेल्यांना कार्डें दिलीं जातात. डोळ्याशीं याचा संबंध असा. शस्त्रक्रियेनंतर डोळ्याच्या पुढच्या भागांत थोडें रक्त येणें ही सामान्य गोष्ट आहे. निरोगी तांबड्या पेशी वांकून-दुमडून जाळींतून निघून जातात. विळ्यासारख्या ताठर पेशी जाळींत अडकतात आणि दाब पुन्हां चढतो. इतर माणसाच्या डोळ्याला चार दिवस सोसवेल असा दाबही अशा डोळ्यांत पडद्याची मुख्य धमनी बंद पाडूं शकतो, आणि तसें झालें तर पडदा कांहीं तासांतच मरतो. जो केवळ वाहक आहे, ज्याला आयुष्यांत या दोषाचा कसलाही त्रास झालेला नाहीं, त्यालाही ही भीति आहे. त्यांतून गंमत अशी, कीं दाब उतरविण्यासाठीं सर्रास दिली जाणारी अॅसिटाझोलामाइडची गोळी रक्तांतील आम्लता वाढवून ह्याच पेशींना वांकावयास भाग पाडूं शकते. म्हणून त्या भागांतील रोग्याच्या नातलगांनीं कार्ड असेल तर तें डॉक्टरांना आधींच दाखवावें, आणि नसेल तर शस्त्रक्रियेपूर्वीं सिकलसेलची साधी रक्ततपासणी करून घेण्याविषयीं आपण होऊन विचारावें. शहरांतल्या डॉक्टरला रोग्याचें गांव माहीत नसेल, तर तें त्याला सांगणें हें नातलगाचें काम आहे.

शहरांतील घरांना दुसरी एक गोष्ट अधिक जवळची वाटेल. कांहीं कांचबिंदु पडद्याच्याच दुखण्यांतून जन्मतात. पुष्कळ वर्षांचा मधुमेह किंवा पडद्याची शीर बंद होणें यामुळें पडद्याला प्राणवायु अपुरा पडतो. मग डोळ्यांत नव्या, ठिसूळ रक्तवाहिन्या फुटतात आणि त्या पुढें येऊन पाणी जाण्याची जाळीच झांकून टाकतात. येथें केवळ नवी वाट पाडून भागत नाहीं. आधीं डोळ्यांत बेव्हॅसिझुमॅबसारखें इंजेक्शन आणि पडद्यावर लेझरचे ठिपके, मग शस्त्रक्रिया, असा क्रम लावला नाहीं तर त्या ठिसूळ वाहिन्यांतून रक्तस्राव होतो. "कांचबिंदूसाठीं आलों आणि पडद्याच्या डॉक्टरकडे कां पाठवितां?" अशी कुरकुर अशा वेळीं करूं नये.

इतकें सांगितल्यावर एखादा श्रोता म्हणेल, मग शस्त्रक्रियाच नको. हा निष्कर्ष साफ चुकीचा आहे. थेंबांनीं किंवा लेझरनें दाब आवरत असेल तर शस्त्रक्रियेची घाई कोणी करीत नाहीं. पण ज्या डोळ्यांत तो आवरत नाहीं, तेथें मज्जेचा नाश ही शक्यता नसून वेळापत्रक आहे. वर सांगितलेल्या बहुतेक उपद्रवांवर उपाय आहेत. मेलेल्या मज्जेवर नाहीं.

तेव्हां त्या मुलाच्या प्रश्नाकडे परत येऊं. पट्टी सुटल्यावर पहिले कांहीं आठवडे अंधुक दिसणें हें बिघाडाचें लक्षण नव्हे. टांक्यांच्या ताणानें आणि आंतल्या सुजेनें तसें होतेंच. त्यानें डॉक्टरांना विचारावयास हवें तें असें: आज दाब किती आहे, पडदा पाहिला का, आणि पुन्हां केव्हां पाहणार? हीं तीन उत्तरें प्रत्येक भेटीला तारखेसह एका वहींत उतरून घ्यावीं आणि वही रोग्याजवळ ठेवावी. रात्रीं-अपरात्रीं साक्रीच्या किंवा धुळ्याच्या नव्या डॉक्टरपुढें उभें राहावें लागलें तर तेवढी वही अर्धें काम करते.

माझा आग्रह असा आहे कीं, पहिले दोन आठवडे तरी रोग्यानें दवाखान्याच्या गांवींच मुक्काम करावा. त्याला घर नाहीं असें नाहीं; त्याचा जीव गुरांत आणि कांद्याच्या चाळींत अडकलेला असतो. तीं कोणीतरी सांभाळावीं. मुक्काम अशक्यच असेल तर निदान घरांतील एका शहाण्या मुलीवर किंवा सुनेवर रोज सकाळचें एक काम सोंपवावें. चांगला डोळा झांकून, नेहमींच्या ठिकाणाहून भिंतीवरची तीच दिनदर्शिका आजोबांना दाखवावयाची: कालच्याइतकी दिसते का, रेघा सरळ आहेत का, कोणत्या बाजूला काळें आहे का? दोन मिनिटें लागतात. कालच्यापेक्षां आज उणें असेल तर त्याच दिवशीं फोन.

खोकल्याचें आणि बद्धकोष्ठाचें औषध शस्त्रक्रियेच्या आधींच सुरूं करावें. धान्याचें पोतें, पाण्याचा हंडा उचलूं नये. कमरेंतून खालीं वांकून काम करूं नये. डोळा चोळूं नये. रात्रीं डोळ्यावर कडक ढाल बांधावी. थेंब ठरल्याप्रमाणें घालावेत आणि ठरल्याप्रमाणेंच थांबवावेत; सूज उतरविणारे थेंब फार दिवस आपल्या मनानें चालू ठेवले तर कित्येक डोळ्यांत तेच दाब वाढवितात. रक्त पातळ करणारी गोळी मात्र आपण होऊन बंद करूं नये. हृदयाच्या आणि डोळ्याच्या डॉक्टरांनीं मिळून तें ठरवावें.

शेवटची एक सूचना वर्षांनंतरची आहे. पापणीखालचा तो फुगवटा जन्मभर राहातो आणि त्याची कातडी फार पातळ असते. पांच वर्षांनीं, दहा वर्षांनींही त्यांतून जंतु आंत शिरूं शकतात, आणि ते आंत गेले तर एक-दोन दिवसांत पडद्यापर्यंत पोंचतात. खळ्यावरची धूळ उडाली म्हणून डोळा लाल झाला, असें समजून मेडिकलच्या दुकानांतून थेंब आणूं नयेत. ज्या डोळ्याचें कांचबिंदूचें ऑपरेशन झालें आहे, तो लाल झाला, दुखूं लागला, त्यांतून पू येऊं लागला किंवा धूसर दिसूं लागला, तर वही घेऊन त्याच दिवशीं निघावें. आठवडे-बाजाराचा दिवस असला तरी, आणि घरांत लग्न असलें तरी.